अधिक-उणे दोन

नगरच्या डॉ. प्रभुदास भिंगारदिव्यांनी पत्र्याच्या डब्यांपासून यंत्र बनवून अवकाशातून येणारे किरण मोजले, तेव्हा निम्म्या शास्त्रज्ञांनी त्यांना थोर म्हटलं आणि निम्म्यांनी थापाडे. कारण आकड्यापुढे संभाव्य चूक लिहायला ते साफ नकार देत. "माझ्या मापात चूक नसते," म्हणत. त्यावरून त्यांचे कॉलेजातले सहकारी आणि जुने मित्र चांदेकर सर त्यांच्याशी तीस वर्षं भांडले.

१९९४ मध्ये डॉक्टर गेले. कबरीच्या दगडावर तरी कुणाला बोट ठेवायला जागा नको, म्हणून त्यांची मुलगी एस्तेर खरी जन्मतारीख शोधू लागली. सापडली ती शाळेत मास्तरांनी अंदाजाने ठोकलेली एक जून. शेवटी तिने पाथरवटाला लिहून दिलं: जन्म १९२४ ± २. म्हणजे दोन वर्षं इकडे किंवा तिकडे.

"ताई, क्रूस तर वर काढलाय. ह्यो बारका आनखी कशाला? त्याच्याखाली रेघ बी हाय!"

"असू द्या, मामा. तसंच कोरा."

दगड बसवला त्या दिवशी चांदेकर सर काठी टेकत आले. आता इथंही वाद घालणार, म्हणून एस्तेर आडवी आली. सरांनी दगड वाचला, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचला.


"एवढंच तर मागत होतो रे, प्रभ्या!"