एकतीस नंबरची डावी बाजू

“बाई, ही बाजू तुमच्या वडिलांनी ठोकलेली नाही,” मोंतोर्सी गाडीखालून सरपटत बाहेर येत म्हणाला. “शिक्का त्यांचा आहे. हात त्यांचा नाही.”

इल्दे ही अदेल्मो बोन्वीची मुलगी. मोंतोर्सी साल्वेरी गाड्यांची नोंदवही ठेवणारा माणूस. रविवारी ही निळी एकतीस नंबरची गाडी गावच्या संग्रहालयात उभी राहणार होती आणि तिच्यापुढे पितळी पाटी लागणार होती: डावी बाजू, अदेल्मो बोन्वीची. पण मोंतोर्सीच्या सहीशिवाय पाटी लागत नसते.

“हात घालून बघा,” तो म्हणाला.

तिने डाव्या मडगार्डच्या आत हात घातला. आतला पत्रा रंगवलेला नव्हता. हातोडीचे घाव बोटांना लागत होते, आणि सगळे उजवीकडे झुकलेले होते. तिचा बाप तर डावखुरा. त्याचे घाव डावीकडे झुकायचे, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल.

साल्वेरी हा मूळचा मळणीयंत्रं बनवणारा. युद्धानंतर त्याच्या डोक्यात खूळ शिरलं की मिलानहून रोमला एका दमात जावं आणि उतरताना सुटाची इस्त्री मोडलेली नसावी, अशी गाडी करायची. त्याने चव्वेचाळीस गाड्या केल्या आणि मग कारखान्याला टाळं लावलं. आराखडे वगैरे नव्हतेच. एक लाकडी साचा आणि दोन भाऊ. उजवी बाजू थोरला नेस्तोरे ठोकायचा, डावी धाकटा अदेल्मो, आणि प्रत्येक जण आपल्या बाजूवर आतून आपल्या नावाचा शिक्का मारायचा. म्हणून प्रत्येक साल्वेरीच्या दोन बाजूंत बोटभर फरक असतो, आणि ती घेणारे हा फरक कौतुकाने दाखवतात. एकतीस नंबरच्या दोन्ही बाजू मात्र तंतोतंत सारख्या होत्या.

“आमचे बाबा तर या गाडीचं नावही काढू द्यायचे नाहीत,” इल्दे पुटपुटली.

“काढू देतील कसे? शिक्का नंतर कोणीतरी मारलाय. शनिवारपर्यंत मला काहीतरी सांगा, नाहीतर मी नाव खोडतो.”

तिला काही कळेनासं झालं. गाडी बनावट की शिक्का बनावट? की बापच खोटा? सगळं आयुष्य पत्रा ठोकून ज्याचे कान गेले, त्या माणसाच्या नावाची गावात ही एकच खूण उरणार होती, आणि तीही पुसली जायची. बापाला जाऊन दहा वर्षं झाली होती. आता विचारायचं कोणाला?

विचारण्यासारखा एकच माणूस होता आणि तो रस्त्यापलीकडे राहत होता. नेस्तोरेकाका आणि बाबा यांच्यातून सत्तावीस वर्षं, बाबा जाईपर्यंत, विस्तव जात नव्हता. ‘तुझ्या काकाने तुझ्या बापाच्या पाठीत सुरी खुपसली,’ एवढंच आई सांगायची. काका दिसला की इल्देने लहानपणापासून फुटपाथ बदललेला. आज तिने रस्ता ओलांडला आणि त्याचं दार ठोठावलं.

काकाने दार उघडलं. सत्त्याहत्तर वर्षांचा, बनियनवर, हातात अर्धवट सोललेला कांदा.

“कोण मेलं?” त्याने विचारलं.

“कोणी नाही. काका, एकतीस नंबरची डावी बाजू कोणी ठोकली? तो नोंदवहीवाला गाडीखाली सरपटून आला, म्हणतो हात बाबांचा नाही, पाटीवरचं नाव खोडणार.”

काकाने कांदा ओट्यावर ठेवला. तिला बसायला सांगितलं. दोन ग्लासांत अक्रोडाची दारू ओतली आणि तिच्यासमोर बसला.

“त्या वसंतात तुझा बाप पिंपावरून पडला. डावं मनगट मोडलं. तू होतीस दहा-अकरा वर्षांची, तुझ्या आईच्या पोटात दुसरं. मालकाचा नियम ठाऊक आहे ना? हात मोडला की दार दाखवायचं. मग मी भोंग्याच्या दोन तास आधी जायचो. त्याची बाजू ठोकून ठेवायचो. दिवसा तो लांब बाह्यांचा सदरा घालून नुसता पॉलिशच्या कागदाने पत्रा घासत बसायचा. शिक्काही मीच मारला, त्याचा.”

“पण घाव उजवीकडे...”

“डाव्या हाताने ठोकून बघितलं गं! पत्र्याला देवी आल्यासारखं झालं. मग म्हटलं, आत कोण बघायला बसलंय? सदतीस वर्षांनी तुझा तो शहाणा खाली सरपटेल, हे मला काय माहीत?”

इल्देला हसू आलं आणि त्याच वेळी रडूही. ज्याला जन्मभर चुकवलं, त्याने घर तारलं होतं.

“मग मी पाटीवर काय लिहू, काका?”

“बापाचंच नाव लिही. त्या शहाण्याला सांग, शिक्का खरा आहे, काकाने डोळ्यांनी बघितलाय.”

“पण मग तुमचं भांडण कशावरून?” तिचा आवाज चढला. “तुम्ही एवढं केलंत, आणि बाबा मरेपर्यंत तुमच्याशी बोलले नाहीत! तुम्ही उपकार बोलून दाखवलेत का?”

“छे. आजवर कोणाला बोललो नाही. तूच पहिली.” काकाने ग्लास बाजूला सारला. “गाडी तयार झाली. मालकाने सगळ्यांना अंगणात बोलावलं. डाव्या बाजूवरून हात फिरवला आणि तुझ्या बापाची पाठ थोपटली. म्हणाला, ‘अदेल्मो, असं काम तुझ्या हातून आजवर झालं नव्हतं.’ तुझ्या बापाचं तोंड काळंठिक्कर पडलं.”

त्याने डोळे पुसले, कांद्याच्या हातांनी.

“आणि मी मूर्ख. सगळ्यांत आधी टाळ्या मीच वाजवल्या.”