धरलेली जागा

दुबईच्या मेट्रोचं दार उघडलं आणि बिरदेव तात्यानं आत उडीच घेतली. उतरणाऱ्या एका बाईच्या हातातली पिशवी खाली पडली, पण तात्याला काय त्याचं! त्यानं एक सीट गाठली, खांद्यावरचा टॉवेल काढून शेजारच्या सीटवर आडवा टाकला आणि ओरडला, "बने, ये गं, धरली जागा!"

म्हसवडच्या स्टँडवर एसटीच्या खिडकीतून टॉवेल टाकून जागा धरण्यात तात्याचा हात धरणारा कुणी नव्हता. इथं डबा अर्धा रिकामा होता, ही गोष्ट वेगळी. सवय ती सवय.

आणि सवय काय त्याला एकट्यालाच होती? त्याची बायको बनुबाई पिशव्या घेऊन फलाटावर मागं उभी होती, अगदी निवांत. जागा धरलेली असताना धक्के कशाला खायचे? सगळी चढू देत, मग आपण. जन्मभर ती अशीच शेवटी चढत आलेली. टूरची सगळी माणसं चढली, बनुबाईनं पाऊल उचललं आणि तिच्या तोंडावर दार मिटलं.

"आरं थांबवा! आवं ड्रायव्हर, बाई ऱ्हायली!" तात्यानं काचेवर थापा मारल्या. त्या गाडीला ड्रायव्हरच नव्हता. मग त्यानं काचेतून तिला पंजा दाखवला. "तितंच थांब! हलू नगंस!"

बनुबाईनं मान डोलावली. गाडी निघाली.

टूर नेणारा उदयसिंह सांगलीचा. तो घाईघाईनं जवळ आला. "तात्या, पुढच्या स्टेशनवर उतरून तुम्हाला मागं जावं लागेल. पण मग तुमचा मनोरा हुकणार बघा. वर जायची तिकिटं ठरलेल्या वेळेची आहेत."

जगातला सगळ्यात उंच मनोरा! तात्या गावात सगळ्यांना सांगून आला होता. त्यानं काचेवरचा हात काढून घेतला.

"मी जाते काकूंना आणायला," पल्लवी म्हणाली. ती पण सांगलीची, टूरवर एकटीच आलेली. "मी बघेन मनोरा नंतर कधीतरी."

"तू कशाला? ती काय पळून चाललीया व्हय?" तात्या हसला. "थांब म्हनलं की थांबती. आमची म्हंजे खुट्याला बांधल्याली म्हस हाय."

टूरची माणसं खो खो हसली. पल्लवीनं उदयसिंहकडं बघितलं. "नवराच नको म्हणतोय, तर मी काय करू?" तो पुटपुटला. मग पल्लवीही गेली वर. खोटं कशाला सांगू, जायचं तर तिलाही होतंच.

मनोऱ्यावरून तात्यानं उदयसिंहच्या मोबाइलवर पोराला व्हिडिओ कॉल लावला. पोरगा जयराज केरळात गलाईचं, म्हणजे सोनं गाळायचं काम करतो, त्यानंच दोघांना हौसेनं पाठवलेलं.

"आई कुठाय?" त्यानं विचारलं.

"हाय की. जरा बसलीया," तात्या म्हणाला आणि मोबाइल खालच्या गाड्यांकडं वळवला. मला विचाराल तर तिथंच कुणीतरी त्याच्या मुस्काटात द्यायला पाहिजे होती. कुणी दिली नाही. सगळ्यांनी फोटो काढले, आइस्क्रीम खाल्लं, आणि दिवेलागणीला सगळी माघारी निघाली.

बनुबाई होती तिथंच होती. दोन्ही हातांत पिशव्या, खाली सुद्धा ठेवल्या नव्हत्या. शेजारी एक रखवालदार उभा होता, तो तात्यावर उखडलाच. "कितना बोला, अम्मा बैठो, पानी पियो, बाथरूम उधर है. एक कदम नहीं हिली!"

तिच्या लुगड्याचा खालचा घेर ओला होता. पायाभोवतीची फरशी कुणीतरी पुसून घेतली होती.

तात्यानं आधी लुगड्याकडं बघितलं, मग टूरच्या माणसांकडं. "लाज न्हाई वाटली तुला?" तो दातओठ खात म्हणाला. "चार मानसांत नाक कापलंस माझं."

"तुमी हलू नगं म्हनला," बनुबाई म्हणाली.

गाडी आली. पल्लवीनं तिच्या हातातल्या पिशव्या घेतल्या, तिला धरून चढवलं आणि सीटवर बसवायला गेली, तोच तात्या खेकसला, "आगं, हुबी कर तिला! सीट भिजली की दंड करत्यात हितं!" आणि स्वतः ऐसपैस बसला. उदयसिंह मोबाइलमध्ये बघत राहिला.

बनुबाई दांडीला धरून उभी राहिली. आत एसीचा गारठा. ओलं लुगडं पिंढऱ्यांना चिकटत होतं, ती एका हातानं सोडवत होती. पल्लवी तिच्या शेजारी उभीच होती. दिवसभर चालून चालून दमलेल्या तात्याला थोड्याच वेळात झोप लागली. तोंड उघडं, मान छातीवर.

हॉटेलचं स्टेशन आलं. "चला, चला, उतरा," म्हणत उदयसिंह पुढं झाला, त्याच्यामागं बाकीची माणसं. पल्लवीनं तात्याला उठवायला हात पुढं केला. बनुबाईनं तिचं मनगट धरलं. घट्ट धरलं. पल्लवीनं तिच्या तोंडाकडं बघितलं आणि हात मागं घेतला.

दोघी उतरल्या. दार मिटलं, आणि काचेतून तात्याची डुलणारी मान दिसता दिसता गाडी गेली.

उदयसिंहनं फलाटावर माणसं मोजली आणि त्याचं तोंडच उतरलं. "काकू, तात्या कुठायत? अहो, त्यांच्याकडं ना फोन, ना पासपोर्ट! इथलं त्यांना एक अक्षर कळत नाही! उठवलं का नाही तुम्ही?"

बनुबाईनं पल्लवीच्या हातातून आपल्या पिशव्या माघारी घेतल्या.

"बसू द्या की," ती म्हणाली. "जागा मिळालीया त्यास्नी."