एकही डाग नको

"परत?" महेंद्र फोनवर म्हणाला. "आता कुणाला सापडला?"

"परदेशातल्या एका पोस्टमनला," पुण्याहून त्याची धाकटी बहीण प्रज्ञा म्हणाली. "मंगळवारच्या चित्रांत. चकतीच्या डाव्या अंगाला, खाली. दादा, ती चित्रं तुला पाठवलेल्या रोलमध्ये होती. तू बघितली नाहीस का?"

बघितली नाहीस का म्हणे. महेंद्रचं डोकं सणकलं. वर्षभर त्यानं दुसरं केलं काय होतं?

राहात्याच्या कॉलेजात तो फिजिक्स शिकवायचा. कॉलेजात कॉम्प्युटर एकच, तोही प्राचार्यांच्या केबिनमध्ये, प्लास्टिकच्या कव्हराखाली. दसऱ्याला त्याला हार घालायचे, एरवी कुणी हात लावायचा नाही. फोन करायचा तर बाजारातला हा एसटीडी बूथ, आणि पाठीमागे काच ठोठावणारी माणसं.

आणि महेंद्रला हवा होता धूमकेतू. फक्त एक, पण स्वतः शोधलेला. आईनं ऊस तोडून दोघा भावंडांना शिकवलं होतं. धूमकेतू शोधणाऱ्यांच्या जगाच्या यादीत छापलेलं आपलं आडनाव तिच्या हातात द्यायचं, एवढंच त्याच्या मनात होतं.

तसं ते अवघडही नव्हतं. सोहो नावाचं यान अंतराळातून सूर्याकडे टक लावून बसलेलं. सूर्याचं तेज झाकायला त्याच्या डोळ्यापुढे एक चकती, त्यामुळे भोवतालच्या चांदण्या दिसायच्या. कधीमधी सूर्यात उडी घ्यायला निघालेला धूमकेतूही. एकामागून एक घेतलेली चित्रं शेजारी मांडली की चांदण्या सगळ्या मिळून एका बाजूला सरकताना दिसायच्या. जो ठिपका एकटाच वेगळी वाट धरून सूर्याकडे निघतो, तो धूमकेतू. ही चित्रं इंटरनेटवर कुणीही बघावीत. फक्त राहात्यात इंटरनेट नव्हतं.

म्हणून प्रज्ञा पुण्यातल्या तिच्या संस्थेत कॉम्प्युटरच्या पडद्याचे कृष्णधवल फोटो काढायची आणि रोल शिर्डी गाडीच्या कंडक्टरकडे द्यायची. कंडक्टर तो कधी शिर्डीला घेऊन जायचा, कधी परत पुण्याला. जो रोल नशिबानं राहात्यात उतरायचा, तो बन्सी फोटोवाला धुऊन द्यायचा.

या सगळ्या गोंधळात धड माणूस म्हणजे बन्सी. लग्नाच्या मुलीच्या फोटोतले कांजिण्यांचे व्रण असे घालवायचा की सासरचे लोक पुढे भांडायला यायचे. सुरुवातीला त्याच्याकडूनही एक घोळ झाला होता. महेंद्रला फोटोंत एक सरकता ठिपका दिसला, त्यानं घाईघाईनं प्रज्ञाकडून सोहोच्या लोकांना कळवलं, आणि तिकडून उत्तर आलं की तिथे काहीही नाही. निगेटिव्हवरची धूळ होती ती. प्रज्ञाचे साहेब चारचौघांत तिला हसले.

त्या दिवशी महेंद्र बन्सीच्या दुकानात जाऊन तोंडाला येईल ते बोलला होता. "चांदण्यांना हात लावायचा नाही. बाकी फोटो आरशासारखा पाहिजे. एकही डाग नको."

"बरं सर," एवढंच बन्सी म्हणाला होता. कसले फोटो, कशासाठी, त्यानं विचारलं नाही आणि महेंद्रनंही सांगितलं नाही. गावभर बोभाटा कुणाला हवा होता? पण तेव्हापासून बन्सीच्या फोटोत धुळीचा कण सापडला नाही.

सापडला नाही तो धूमकेतूच. इतरांना मात्र त्याच चित्रांत सापडत होता, या वर्षात सहा वेळा. महेंद्रनं दोनदा चष्मा बदलला. भिंग आणलं. पोस्टमनचा धूमकेतू नेमका कुठे आहे ते कळल्यावरही त्यानं बूथच्या बाहेर उन्हात उभं राहून मंगळवारचे फोटो भिंगाखाली धरले. डाव्या अंगाला, खाली, नुसता काळोख.

तो पुन्हा बूथमध्ये शिरला आणि त्यानं परत पुणे लावलं. "प्रज्ञा, तुझा हात हलतो. फोकस नीट करत जा, किती वेळा सांगू?"

"जेवणाची सुट्टी मोडून काढते मी ते फोटो," ती म्हणाली. "साहेबांची बोलणी खाऊन. आता माझाच हात हलतो का? सकाळच्या गाडीनं एक रोल पाठवलाय, तो शेवटचा. पुढचं तुझं तू बघ."

तिनं फोन ठेवला. महेंद्रला स्वतःचीच चीड आली, पण शब्द तर तोंडातून गेले होते.

रोल त्याच दिवशी मिळाला, तो त्यानं बन्सीकडे धुवायला टाकला. चौथ्या दिवशी तो बन्सीच्या दुकानात गेला. फोटो पाकिटात तयार होते. त्यानं ते काउंटरवर ओळीनं मांडले, भिंग लावलं, एकेक करून शेवटपर्यंत गेला. चांदण्या, चकती, काळोख.

त्यानं भिंग खिशात टाकलं. "संपलं, बन्सीभाऊ. आता रोल यायचे नाहीत. प्राचार्य, कंडक्टर, माझी बहीण, सगळ्यांवर मी वर्षभर चिडलो. काम चोख केलंत ते तुम्ही एकट्यानं."

बन्सी संकोचला. काळ्या शाईत बुडवलेला बारीक ब्रश त्यानं फडक्याला पुसून कानावर ठेवला.

"तुमी बोलला हुता ना सर, ते मनाला लागलं हुतं," तो हळूच म्हणाला. "चांदण्या समद्या मिळून सरकत्यात, त्यास्नी कंदी हात लावला न्हाई. पर एकांदा पांढरा ठिपका एकटाच निघायचा बगा त्या मदल्या चकतीकडं, वळीनं चार-चार फोटुत. लई चिवट धूळ. ह्या रोलमदली धरून सात येळा आली, अन् सातीबी येळा मी शाईनं बुजवली, तुमच्या नजरंला पडू दिली न्हाई."