झोक्याचं पुस्तक

प्रभाच्या वडिलांची कुर्डुवाडीला बदली झालेली. सोलापूर सोडायच्या दुपारी टांगा दारात उभा, तरी ती शेजारच्या मेहरूनच्या पायरीवर चित्रांचं पुस्तक घेऊन बसलेली. कव्हर फाटलेलं, आत एकही अक्षर नाही. ते एक दिवस हिच्याकडे, एक दिवस तिच्याकडे असायचं. प्रभानं पानं उलटली. दोन मुली आळीपाळीनं झोके घेतात, मग रुसतात, एक निघून जाते. शेवटच्या पानावर झोक्यापाशी एकटीच मुलगी. "आता तू अशी राहणार," म्हणताना प्रभाला रडू फुटलं. "येडी हायस का?" मेहरूननं पुस्तक ओढून आपल्या उर्दू शाळेतल्या पुस्तकांसारखं उजवीकडून उघडलं. "हे तर पैलं पान हाय. ती वाट बघती. मग मैतरीण येती, रुसवा जातो, दोगी झोके घेत्यात." टांगा हलला. मागं तोंड करून बसलेल्या प्रभाला दारात एकटी मेहरून दिसली, पहिल्या पानावरची.