मोबाईलमधले डॉक्टर

बीपीच्या गोळ्या लोणच्याच्या बरणीमागे सापडल्या, तेव्हा डॉक्टर असलेली वृषाली आईवर चिडलीच.

"मोबाईलमधले डॉक्टर म्हणाले, या गोळ्यांनी किडनी जाते. मी त्यांचा काढा घेते."

"आई, तो डॉक्टर नाहीये. काढा विकतो तो."

"विकू दे. रोज विचारतो तरी."

आईनं व्हिडिओ लावला. पांढऱ्या कोटातला माणूस हसला. "आई, आज कसं वाटतंय?" एवढं म्हणून तो जरा थांबला.

"बरं वाटतंय रे बाळा," आई पडद्याला म्हणाली.

वृषालीचा राग ओसरला. दवाखान्यात दिवसभर परक्यांना विचारलेला प्रश्न घरी तिनं कधी विचारलाच नव्हता. मोबाईल पालथा ठेवून तिनं आईचा हात हातात घेतला.

"आई, आज कसं वाटतंय?"

उत्तर द्यायला आईची नजर आधी मोबाईलकडे गेली.