दोन काळे रेग्युलेटर

दुकानदाराने पाच रेग्युलेटर काउंटरवर मांडले आणि मुलीचा हात थेट निळ्यावर गेला.

"हाच! आई, बघ ना, किती हलका आहे!"

सिलिंडरमधली हवा डायव्हरच्या तोंडापर्यंत आणणारं हे यंत्र आजच निवडायचं होतं, कारण उद्या सकाळी बोट सुटणार होती. एका लांबच्या बेटावर अकरा महिने राहून समुद्रतळाची प्रवाळं मोजायची, असं काम मुलीला मिळालं होतं. बोट तिथे तीन महिन्यांतून एकदा जाते. बेटावर ना दुकान, ना मिस्त्री. निवड झाल्याचं पत्र आल्यापासून मुलीचे पाय जमिनीवर नव्हते, आणि आईने मात्र ताकास तूर लागू दिली नव्हती. मोजे किती घेतेस, तापाच्या गोळ्या घेतल्यास का, एवढंच विचारायची. सव्वीस वर्षांच्या मुलीला कुणी अडवणार नव्हतं. पण आईच्या मनात नसताना निघायचं तिच्या अगदी जिवावर आलं होतं. आज आई अर्धी रजा टाकून, न बोलावता बरोबर आली, तेव्हा तिला वाटलं, झालं, आता दुकानात रडारड.

"निळा एक नंबर आहे!" दुकानदार म्हणाला. वीस वर्षं डायव्हिंग करून त्याचा एक कान गेला होता, त्यामुळे तो सगळ्या जगाशीच ओरडून बोलायचा. "डोळे मिटून घ्या!"

"डोळे उघडेच बरे," आई म्हणाली. "तो सिलिंडरला जोडून द्या. सिलिंडर बंदच राहू दे."

तिने तोंडात धरायचा रबरी भाग रुमालाने पुसला, दातांत धरला आणि दम ओढला. थांबली. पुन्हा ओढला.

"येतेय."

"काय येतेय?"

"हवा. सिलिंडर बंद आहे तर कणभरही यायला नको. कुठून तरी आत शिरतेय. दुकानात हवा शिरते तिथून समुद्रात पाणी शिरेल."

दुकानदाराने स्वतः ओढून पाहिलं. त्याचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "काउंटरवरचा पीस आहे हो. येणारा-जाणारा हाताळतो. ताई, तुम्ही पण डायव्हर का?"

"छे! मला साधं पोहता येत नाही. मी हॉस्पिटलात भूल द्यायच्या मशीनवर असते. पहिला पेशंट आत यायच्या आधी प्रत्येक नळीतून मी स्वतः श्वास घेऊन बघते."

मुलीला इतकी वर्षं एवढंच ठाऊक होतं, की आई सकाळी साडेसहाला घराबाहेर पडते.

मग आईने बाह्या वर सारल्या. हा उघडायला किती प्रकारचे पाने लागतात? रबर किती दिवसांत कडक होतं? ही एकटी असताना बिघडला तर? दुकानदाराला असं गिऱ्हाईक कित्येक वर्षांत भेटलं नसावं. तोही चेकाळला, खणच्या खण बाहेर काढून समोर ओतू लागला. लाल रेग्युलेटर बाद झाला, कारण त्याचा पाना फक्त कंपनीकडेच मिळतो. चंदेरी आणि पिवळा आईच्या तोंडात एकेक दम टिकले. उरला तो काळा, जाडजूड, दिसायला अगदीच बेंगरूळ. दोन साध्या पान्यांनी पुरता सुटत होता.

"हा घे. दोन घे."

"एक निळा खोक्यातला नवा घेते ना! हा काळा जादा म्हणून राहील."

"दोन्ही काळे. एकाचा भाग दुसऱ्याला बसला पाहिजे. दोन जातींचे घेतलेस आणि दोन्ही बिघडले, तर दोन्ही पडून राहतील. सारखे असले तर दोघांचा मिळून एक तरी उभा करशील. आता उघड."

"आत्ता? इथे?"

"मग काय बेटावर पहिल्यांदा उघडणार आहेस?"

पहिल्या खेपेला सगळं जोडून झालं आणि ताटलीत एक रबरी कडी उरली. आईने ती उचलून मुलीच्या तळहातावर ठेवली. दुसऱ्या खेपेला कडी चिमटली. तिसऱ्या खेपेला आईने बंद सिलिंडरवर दम ओढला, गाल आत गेले, डोळे मोठे झाले, आणि हवा काही आली नाही. मुलगी जागच्या जागी टुणकन उडाली. दुकानदाराने टाळ्या वाजवल्या.

"ताई, मागे तपासणीचा हौद आहे. एकदा पाण्यात घेऊन बघा श्वास!"

"मी? वेड लागलंय का!" आई म्हणाली, आणि चष्मा काढू लागली.

हौद छातीइतका होता. दुकानदाराने सिलिंडर उघडून मास्क बांधला, श्वास रोखू नका म्हणून तीनदा बजावलं. आई काठाला घट्ट धरून ओणवी झाली, डोकं आत घातलं आणि लगेच ठसकत वर आली. दुसऱ्यांदा गेली ती राहिली.

बुडबुडे वर येत होते. मग मध्येच थांबले. मुलीने आईच्या पाठीवर हात ठेवला. बुडबुडे आले. पुन्हा थांबले. हे काही आपल्याला सहन होत नाही, हे तिला तिथल्या तिथे कळलं. ती मोजायला लागली. चौदापर्यंत मोजून तिने आईला हलवलं, तर आईने मागच्या मागे हात झटकून तिला गप्प केलं.

मोजता मोजता चाळीस झाले तेव्हा आई वर आली. केसांतून पाणी निथळत होतं, मास्क वाकडा झाला होता, आणि ती लहान पोरीसारखी हसत होती.

"काय गं," ती धापा टाकत म्हणाली, "अकराच महिने? पुरतील का तुला?"