पिंपातलं औषध

“हे औषध हिला आधी दिलं होतं का? ते पचवून पचवून जंतू निर्ढावलेत. दादच देत नाहीत,” डॉक्टर म्हणाले.

“नाही हो साहेब!” तापाने फणफणलेल्या लेकीचा हात धरून पोल्ट्रीवाला रंगनाथ कळवळला. “साधी गोळीसुद्धा माहीत नाही पोरीला. सारा दिवस कोंबड्यांत खेळते.”

बोलता बोलता त्याची नजर डॉक्टरांच्या हातातल्या बाटलीवर गेली अन् तिथेच खिळली. हेच नाव शेडमधल्या पुड्यांवर होतं. कोंबड्या आजारी पडूच नयेत म्हणून तो रोज तेच त्यांच्या पिंपातल्या पाण्यात कालवत होता. त्यांच्या पोटातले जंतू ते पिऊनच माजले होते, अन् तेच आता पोरीच्या अंगात शिरले होते.

“दुसरं औषध असेल ना, साहेब?”

डॉक्टरांनी बाटली खाली ठेवली अन् पोरीच्या तापल्या कपाळावर हात ठेवला.

ग्लानीत लेक पुटपुटली, “बाबा, पिंपातलं पाणी आज मीच ढवळणार हं!”